आतलं वय

“कसा आहेस?” असं नर्सबाईंनी कधी कुणाला विचारलं नाही. भेटल्याबरोबर मनगट धरायच्या, घड्याळाकडे बघत ठोके मोजायच्या आणि मगच म्हणायच्या, “हां, आता बोल.”

मुरबाडकडच्या पुष्पाबाई नव्वदच्या सुमारास सापगावजवळच्या आमच्या वाडीवर सरकारी नर्स म्हणून आल्या. तोंडाने फटकळ. गाव त्यांना भांडकुदळ म्हणायचं, आणि ताप आला की त्यांच्याच दारात उभं राहायचं.

माझा थोरला भाऊ दिनेश वीटभट्टीवर जाळ घालायचा. दिवसभर धूर, वर विडी. एकदा बाईंनी आमच्याच चुलीपाशी वांगं चिरून ठेवलं. चहा होईस्तोवर काप काळे पडले. “बघ दिन्या, हवा लागून याचं असं झालं. विडी नि धूर तुज्या शिरांचं आतून असंच करतंय. दाखल्यावर तेहतीस, आतून साठ झालास रे!”

“मग पेन्शन चालू करा ना बाई,” दिनेश म्हणाला. सगळे हसलो. आईने तेच काप भाजीत टाकले.

त्याच वर्षी त्याच्या छातीत कळ आली. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, “या वयात हार्ट कुठला? गॅस आहे.” सुई टोचून घरी पाठवलं. छातीची पट्टी म्हणजे ईसीजी काढायचं मशीन शेजारच्याच खोलीत फडक्याखाली झाकलेलं होतं. ते फडकं उचलायचे कष्ट त्या माणसाने घेतले नाहीत. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा कळ. आईने ओवा चावायला दिला आणि ती आत देवापुढे जाऊन बसली, शेजाऱ्याने सोडा आणला. आमच्याकडे गॅस धरला की माणसाला चालवतात. दिनेशला खळ्यात फेऱ्या मारायला लावलं. बाई धावत आल्या त्या ओरडतच, “चालवताय काय मेल्यांनो! बसवा त्याला, गाडी आना!” जीप आली. आसनगाव ओलांडलं आणि बाईंच्या हातातल्या मनगटाचे ठोके थांबले.

दहाव्याला कुणीतरी म्हणालं, “आयुष्याची दोरीच तेवढी होती.” बाई ताडकन उठल्या. “दोरी बरी होती. डाक्टरनं वय बघितलं, छाती नाय बघितली. नि तुमी? मरत्या मानसाला चालवलंत! पुन्यांदा कुनाच्या छातीत दुखलं नि त्याला उभा केलात, तर माज्याशी गाठ हाय!” हे बोलताना त्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत होत्या. फक्त माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत त्या घरोघर हेच ओरडत फिरल्या. मी भेटलो की मात्र मनगट धरायच्या, ठोके मोजायच्या आणि हात सोडून पुढच्या घराकडे वळायच्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्या सकाळी दिनेशला खांदा देऊन कोण चालवत होतं, हे त्यांनी मरेपर्यंत आईला कळू दिलं नाही. “आणखी थोडं चाल, बरं वाटेल,” असं म्हणत त्याला मीच चालवत होतो.