कासिल्दा मावशीचा दगडी कुत्रा

आमच्या गावात कुणाच्या घराचा पत्ता विचारला की लोक सांगतात, "कुत्र्यापासून डावीकडे." हा कुत्रा दगडाचा. कासिल्दा मावशीच्या घराच्या कोपऱ्याशी, अर्धा भिंतीत, अर्धा रस्त्यात. तिच्या सासऱ्याच्या नांगराला तो जैतुनाच्या मळ्यात अडला. गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून म्हाताऱ्यानं तो कोपऱ्यावर रोवला. एवढाच त्याचा इतिहास, असं आम्ही धरून चाललो होतो.

मावशी लग्न होऊन आली त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली. दरवर्षी मे महिन्यात, क्रूसाच्या सणाआधी, ती घराला चुन्याचा हात देते आणि घराबरोबर कुत्र्यालाही. कान, पाठ, तोंड, सगळं पांढरं. आमच्याकडे भिंत मळकी म्हणजे बाई आळशी, आणि मावशीला आळशी म्हणायची कुणाची छाती नाही.

मग हाएन शहरातल्या संग्रहालयातून नोएलिया आली. तिशीची पोरगी, बूट धुळीनं भरलेले. तिनं कुत्र्याच्या मानेवरचा चुना नखाएवढा खरवडला.

"मावशी, हा सिंह आहे. इथल्या जुन्या इबेरियन लोकांनी घडवलेला. अडीच हजार वर्षं झाली त्याला."

"कुत्रा आहे. कानेलो नाव त्याचं."

"ही आयाळ बघा ना."

"केस आहेत. कुत्र्याला नसतात?"

संग्रहालयाला तो हवा होता. भिंत मावशीची, म्हणून तिच्या सहीशिवाय त्याला हलवता येणार नव्हतं. मी लगेच बाह्या सरसावल्या. बससाठी भांडलो, दवाखान्यासाठी भांडलो, मग सिंहासाठी का नाही? फलक रंगवला: 'आमच्या बापजाद्यांची कला आमच्याच गावात!' तीनशे बारा सह्या गोळा केल्या आणि तार्सिसियोच्या खानावळीत सभा लावली. बोलायला नोएलियालाच उभं केलं. तिथंच माझं चुकलं.

"अशा सिंहांचे दात समुद्रापारच्या फिनिशियन लोकांच्या धाटणीचे असतात," ती म्हणाली. "आयाळ ग्रीकांसारखी. लोंबती जीभ पूर्वेकडून आलेली."

मी तडकलो. "मग आमचं काय? नुसता दगड?"

"दगड, आणि हात. त्या काळी इथे सिंह नव्हतेच. घडवणाऱ्यानं जन्मात सिंह पाहिला नसणार. फिनिशियन व्यापाऱ्यांच्या एखाद्या हस्तिदंती डबीवर चित्र पाहिलं असेल. पाय मात्र बहुतेक घरच्या कुत्र्याचे बघून काढलेत."

"बघा!" मावशीनं टेबलावर हात आपटला. "मी काय सांगत होते?"

तार्सिसियो म्हणाला, "म्हणजे मावशी, अगदी तुझ्या जर्मन जावयासारखा. तोंड तिकडचं, पोट इथलं."

सगळे हसले. मी हसलो नाही. फलकावरचे बापजादे नेमके कुणाचे, हे मलाच कळेना. पण माघार घेईन तो मी कसला!

बाहेर पडल्यावर मावशीनं मला धरलं. "फर्मीन, सही करू का नको?"

"नको. तो आपला आहे."

"ती तर ग्रीकांसारखा म्हणते."

"सारखा. ग्रीकांचा नव्हे."

"कुणासारखा असला म्हणून आपला राहत नाही का?"

"राहतो की."

"मग तू तिच्यावर ओरडलास कशाला?"

मावशीनंच तोडगा काढला. सहीचं नंतर बघू, आधी चुना काढायचा, तोही इथेच, तिच्यासमोर. "एवढी वर्षं मी काय रंगवत होते ते बघू तरी दे."

नोएलिया एकोणीस दिवस लाकडी काड्या आणि कुंचले घेऊन बसली. मावशी शेजारी खुर्ची टाकून शेंगा सोलत होती. एक थर निळसर निघाला. मावशी म्हणाली, "थोरली झाली तेव्हाचा. आनंदात नीळ जास्त पडली होती."

विसाव्या दिवशी तोंड मोकळं झालं. डोळ्यांभोवती कोरलेल्या कडा, सुळे, जिभेवर लाल रंगाचा ओरखडा. गल्लीत टाळ्या पडल्या. मावशी उठली, तिनं त्याच्या नाकावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हा कोण?"

"तोच, मावशी."

"नाही. माझा हसायचा. हा गुरगुरतोय."

नोएलिया हळूच म्हणाली, "चुन्यानं सुळे बुजले होते. म्हणून हसल्यासारखा दिसायचा."

मावशीनं आपली खुर्ची उचलली. मग म्हणाली, "सहीचा कागद आण. ह्याला मी ओळखत नाही. माझ्या दारात नको."

"मावशी!" माझा आवाज चढला. "तीनशे बारा सह्या आहेत!"

"त्या हसणाऱ्यासाठी दिल्यात त्यांनी. ह्याच्यासाठी देतात का, जा, विचारून ये."

मी तरातरा निघालो. पहिलीच खानावळ तार्सिसियोची. सिंह ठेवायचा की जाऊ द्यायचा, एका शब्दात सांग म्हणालो.

त्यानं पेला पुसत विचारलं, "कुठला? जुना का नवा?"

मी तोंड उघडलं. ह्यातला जुना कुठला, तेच मला सांगता येईना. मी दारात तसाच उभा होतो, तेवढ्यात कोपऱ्याकडून मावशीच्या भिंतीवर पडलेला पहारीचा पहिला घाव ऐकू आला.