दोन कोरड्या उशा

कासमभाईंना एक सुई देऊन झाली होती. दुसरी डॉक्टर मॅडमच्या हातात होती, कासमभाईंच्या बायकोसाठी, रजियाबीसाठी. मी उशा बदलायला गेले होते.

"मॅडम, थांबा," मी म्हणाले. "हे फवारनीचे पेशंट नाहीत."

"मावशी, बाजूला व्हा!" सिस्टर ओरडल्या. "आता वॉर्ड तुम्हीच चालवता का?"

"उशा पाहा ना. कोरड्याठाक हायेत. बाकीच्यायच्या दिवसातून चारदा बदला लागते."

मॅडमनी सुई खाली घेतली.

मी चौथी शिकलेली. घाटाखालच्या एका सरकारी दवाखान्यात आया होते. कापसावर फवारणी सुरू झाली की आमचा वॉर्ड भरायचा. ते विष अंगात गेलं की शरीराचे सगळे नळ उघडतात. लाळ, घाम, डोळ्यांचं पाणी. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी होते. त्यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन देतात. ते नळ बंद करतं.

हे दोघं नवराबायको बाजारात बांगड्या विकायचे. वरवट बकालच्या रस्त्याला, फवारणी चाललेल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेले सापडले. आणणाऱ्यांनी सांगितलं, फवारा लागला. वॉर्डात सगळे तसलेच. गर्दीत यांनाही तेच इंजेक्शन लिहिलं गेलं.

मॅडमनी बॅटरी लावली. दोघांच्याही बाहुल्या एवढ्या मोठ्या, की डोळ्यात काळ्याशिवाय काही दिसेना. जीभ लाकडासारखी. तेवढ्यात कासमभाईंनी पलंगाचा दांडा धरला आणि त्यावर नसलेली बांगडी चढवू लागले.

"हाथ ढीला छोडो बाई, चूडी टूटेगी."

सिस्टर हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"धोत्रा," त्या म्हणाल्या. "मावशी, धोतऱ्यातलं विष आणि ॲट्रोपीन एकाच जातीचं. नळ आधीच बंद होते, मी आणखी आवळले."

दोघांचं पोट धुतलं. ते पाणी बाटलीत सील करून पोलिसांसाठी ठेवलं. कासमभाईंचं अंग तापलेलं, नाडी मोजता येईना. चादरीने बांधून मी थंड पाण्याने पुसत राहिले. मॅडम त्यांच्या उशाशी बसल्या, त्या दिवस मावळेपर्यंत उठल्या नाहीत. तिथेच त्यांनी केसपेपरवर लिहिलं, एक डोस माझ्या चुकीने गेला.

"हे कशाला लिहिता?" सिस्टर म्हणाल्या. "कोण विचारतंय?"

"माझ्यानंतर ड्यूटीवर येणाऱ्याला कळायला नको, याच्या अंगात किती गेलंय?"

मी पुष्कळ डॉक्टर पाहिले. हुशार होते. पण स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिणारी ही एकच.

दुसऱ्या दिवशी रजियाबी शुद्धीवर आली. आधी पायाला हात लावला. चांदीचे तोडे नव्हते.

"स्टॉप पे एक आदमी मिला," ती म्हणाली. "बोला, मन्नत पूरी हुई, नियाज का पेढा लो. अब नियाज को ना कैसे बोलते?"

नियाज म्हणजे त्यांच्यातला प्रसाद. चोराने बरोबर तेच हेरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, हे फार जुनं आहे. पूर्वी ठग वाटसरूंना असंच धोतऱ्याचं बी खाऊ घालायचे. तेव्हाचे डॉक्टर पेशंटची लघवी मांजराच्या डोळ्यात टाकून पाहायचे. बाहुली मोठी झाली, की धोत्रा. आता लॅबमध्ये रसायनं घालतात, जांभळा रंग येतो.

"त्या मांजराले कोनं इचारलं होतं?" मी म्हणाले. तेव्हा कुठे मॅडम हसल्या.

लॅबचा रिपोर्ट धोत्राच आला. पुढे कोणी नवा डॉक्टर आला की मॅडम त्याला एवढंच सांगायच्या, डोळे पाहिल्याशिवाय सुई भरायची नाही. वर स्वतःची चूक सांगायच्या. माझं नावही घ्यायच्या.

पेढेवाला सापडला नाही. रजियाबी तिसऱ्या दिवशी जेवली. कासमभाईंना आठवडा लागला. दोघंही वाचले.