राजपुरीच्या खाडीतला लाल बोया

या सदरातले अनुभव आमच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचले जातात, आणि वाचून झाले की त्यांची चिरफाड करायचं काम माझ्याकडे असतं. पिंपळावरची बाई म्हणजे वटवाघूळ, मागून येणारी पावलं म्हणजे स्वतःच्याच चपला... मी कॉम्प्रेसर आणि बॉयलरवर हात काळे करणारा माणूस. हवा, दाब, झडप, यांच्यात भुताला शिरायला फट नसते. आजही माझं मत तेच आहे. तरी ही एक गोष्ट लिहितो, कारण तिची चिरफाड मला सहा वर्षांत जमलेली नाही. कोणी करून दिली तर मी उपकारच मानीन.

एकसष्ट साल, माघ महिना. ठिकाण मुरुडजवळ राजपुरीच्या खाडीचं तोंड. माल वाहणारा एक मचवा तिथे सात वाव पाण्यात, म्हणजे चाळीसेक फुटांवर, तळाला बसला होता. त्याचं इंजिन वर काढायचं काम आम्हाला मिळालं. आम्ही म्हणजे मी आणि दामू. दामू माझा लहानपणचा दोस्त. दोघंही मुंबईच्या गोदीत पाणबुड्यांच्या हाताखाली शिकलो. पुढे त्यानं माझ्या धाकट्या बहिणीशी, शालूशी लग्न केलं. तेव्हापासून मी चारचौघांत त्याला मुद्दाम "दामोदरपंत" म्हणायचो आणि तो मला दात ओठ खात "बोला वसंतराव" म्हणायचा. शालूला तेव्हा सातवा महिना होता. मुरुडला नारळाच्या वाडीत खोली घेऊन आम्ही तिघं राहत होतो. तिला घरी ठेवून दामूला एकट्याला आणावं म्हटलं, तर बाईसाहेब आधी पिशवी भरून तयार!

हेही सांगून टाकतो — दामू या कामाला नको म्हणत होता. "मूल होऊ दे, मग बघू," म्हणाला. मीच त्याला भरीला घातलं.

आमच्याकडे ॲक्वालंगचा एकच सेट होता. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, ना लोखंडी टोप ना वरून पंप मारायची भानगड. एकदा दामू खाली जायचा, एकदा मी. पण टोपवाल्या पाणबुड्याला वरच्यांशी जोडणारी नळी असते, याला काहीच नसतं. होडीपासून लांब वर आला तर लाटांत माणसाचं डोकं म्हणजे नारळाएवढं, तेही काळं. दिसणार कसं? म्हणून खालूनच एक बोया वर सोडायचा. दोरी पाणबुड्याच्या हातात, बोया पाण्यावर. होडीनं त्याच्याकडे यायचं. साधा हिशेब.

आता बोया कोणता? रॉकेलचा डबा बघितला. तरंगतो झकास, पण तो हवेनं भरलेलाच खाली न्यायचा म्हणजे बैलाला शिडी चढवण्यातला प्रकार. मग फुटबॉलचा ब्लॅडर. वाडीतल्या विहिरीत दामूनं तो तळाशी गच्च भरला, तोंड बांधलं आणि सोडला. वर येता येता धाडकन फुटला. विहिरीवर जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मात्र खूश झालो, कारण हा माझा विषय! खाली दाब जास्त. वर येताना तो कमी होतो आणि हवा फुगत जाते. चाळीस फुटांवर अर्धं भराल तर पाण्यावर येईपर्यंत ते पूर्ण होतं. पूर्ण भराल तर उरलेल्या हवेला वाट पाहिजे.

तेव्हा मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा चार फुटी तुकडा घेतला. एक टोक व्हल्कनाइझ करून बंद केलं, दुसरं उघडं ठेवलं आणि उघड्या टोकाला शिशाचा तुकडा लावला, म्हणजे पाण्यात तो ताठ उभा राहील. तळाशी नळीतली हवा खालच्या तोंडातून आत सोडायची, जास्तीची हवा तिथूनच बुडबुडून जाईल. शालूनं त्याला लालभडक कापडाचा अंगरखा शिवला आणि वरच्या टोकाला पांढरा पट्टा लावला. "लांबून दिसेल," म्हणाली. दोरी गुंडाळायला पतंगाची फिरकी. विहिरीत तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा बोया शिपायासारखा उभा. मी छाती फुगवून फिरत होतो.

होडी आमची नव्हती, धाकू नाखव्याची. राजपुरीचा कोळी, साठीचा, बोलणं कमी आणि नजर घारीची. त्याचा भाऊ बारक्या वल्ह्यावर. पंचमी होती. दुपारी साडेतीनच्या सुमाराला भरती पुरी होऊन पाणी उभं राहणार होतं, तेवढ्यात दामूनं इंजिनाला दोर बांधून वर यायचं होतं. मी बोयाची गुंडाळी केली, सुती दोरीनं आवळून बांधली आणि दामूच्या पट्ट्याला अडकवली. सांधा ढिला राहिला की माझा जीव थाऱ्यावर नसतो; सवयच ती. गाठीवर गाठ मारली.

धाकू नाखवा बघत होता. "मिस्तरी, सुताची गाठ भिजली का दातानी पन सुटायची न्हाय. आमी एक फास ठेवताव, वढला का मोकला."

"नाखवा, वाटेत सुटली तर फजिती होईल," मी म्हटलं. "राहू द्या."

"ऱ्हावदे तर ऱ्हावदे," म्हणाला आणि विडी पेटवली.

दामू गेला. बुडबुडे नीट येत होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग इंजिनाच्या दोराला तीन झटके आले, म्हणजे दोर बांधून झाला. आता उतरायच्या दोराला धरून तो वर येणार. पाण्यानं मात्र नाखव्याच्या अंदाजाआधीच कूस बदलली. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, पाणी खळखळू लागलं आणि बुडबुडे दिसेनासे झाले.

उतरायचा दोर ओढून बघितला. हलका! घड्याळात वीस मिनिटं झाली होती. पंचवीसला टाकी रिकामी.

"व्हट लागली," धाकू उठून उभा राहिला. "पानी भाईर चाललाय. बारक्या, नांगर घे. भाईर जाऊन त्याला गाठाचा."

पंचवीस झाली, सत्तावीस झाली. बाहेर, म्हणजे उघड्या समुद्राकडे, सूर्य डोळ्यांवर आणि पाण्यावर नुसता चकचकाट. मी उभ्या जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. तोंडानं "येईल, येईल" म्हणत होतो, आणि मनात एकच — शालूला काय सांगू? नांगर वर आला, बारक्यानं वल्हं मारलं आणि होडी फिरताना माझी नजर खाडीच्या आतल्या बाजूला गेली.

लाल बोया उभा होता.

पलीकडच्या काठाला, दिघीच्या अंगाला एक खडक आहे, भरतीतही त्याचं डोकं पाण्याबाहेर राहतं. त्याच्या जरा पलीकडे, कडेला, आमच्यापासून दोनेकशे हातांवर. सूर्य माझ्या पाठीला होता, त्यामुळे उन्हाचा भास वगैरे म्हणू नका. ताठ उभा, पूर्ण भरलेला, टोकाला पांढरा पट्टा.

"नाखवा! तो बघा बोया!"

धाकूनं हाताची झापड डोळ्यांवर धरली. "दिसला." मग कपाळाला आठी. "पन पानी भाईर चाललाय, मिस्तरी. बोया आत कसा जाल?"

"मला दिसला, दादूस," बारक्या म्हणाला. "लाल हाय."

"दुसऱ्या कुनाचा असाल."

"माझा आहे!" मी ओरडलो. "पट्टा शालूनं लावलाय. फिरवा होडी!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आत गेलो आणि दामू बाहेर वाहत असला, तर परत फिरून तो सापडणार नव्हता. निवड एकदाच होती. धाकूनं माझ्याकडे बघितलं, बोयाकडे बघितलं आणि सुकाणू फिरवलं. "मार, बारक्या."

मीही दुसरं वल्हं धरलं. पाणी उलटं, दम निघाला. बोया पूर्ण वेळ समोर दिसत होता. खडकाशी पोचताना होडी जरा बाजूनं घ्यावी लागली, तेव्हा आठ-दहा वल्ह्यांपुरता तो खडकाआड गेला. वळून पलीकडे आलो तो दामू समोर. खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारून, कालवांच्या धारदार शिंपांनी गाल कापून रक्त, ओठ निळे, टाकी पाठीवर तशीच. बोटं सुटतच आली होती. बारक्यानं उडी मारून त्याला बगलेत धरलं, आम्ही दोघांनी वर खेचला. आणखी दोन मिनिटं उशीर झाला असता तर... जाऊ दे.

तो उलट्या करून शुद्धीवर येईपर्यंत मी बोयाचा विचारच केला नाही. मग बोया उचलायला म्हणून पाण्याकडे बघितलं. पाण्यावर काही नव्हतं. चारी बाजूंना काही नव्हतं.

"बोया सुटला वाटतं," मी म्हटलं आणि डोळे मिटून पडलेल्या दामूच्या पट्ट्याकडे हात नेला.

गुंडाळी तिथेच होती. माझी गाठ, गाठीवरची गाठ, भिजून दगड झालेली. फिरकीवर दोरी पूर्ण गुंडाळलेली. मी ती गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. धाकूच्या सुरीनं कापली. ट्यूब आतून कोरडी होती, विहिरीनंतर वाळवून, रबर चिकटू नये म्हणून मी आत भुरभुरलेली शंखजिऱ्याची पूडसुद्धा तशीच.

धाकूनं विडी ओठात धरली आणि पेटवायची विसरला.

गुंडाळी पाठीमागे सारून मी दामूला विचारलं, "बोया कधी सोडलास?"

"हवा संपत आली तेव्हा," तो म्हणाला. "अर्धाच भरला, तू सांगितलंस तसा. दोरी हातातून सर्रकन गेली बघ." त्यानं तळवा उघडून दाखवला. उजव्या तळव्यावर एक लाल, सरळ, ताजा वळ.

आता तुम्ही बोलाल ते सगळं मी स्वतःशी बोलून झालोय. दामू आत कसा गेला, याला उत्तर आहे. ओहोट लागताना त्या खडकामागे पाणी काही वेळ उलटं फिरतं, हे धाकूनंच नंतर कबूल केलं. दामूला हवा संपताना भ्रम झाला असेल, मान्य. वळ खडकाचा असेल, हेही मान्य करतो. राहता राहिलं आम्हा तिघांच्या डोळ्यांचं, आणि त्यातला एक माणूस तर बोया खोटा ठरवायलाच बसला होता. तसला बोया त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. मीच तो बनवलेला. यापुढे माझी अक्कल चालत नाही आणि मी ते लपवत नाही.

दामू आजही पाण्यात उतरतो. मी आता फास ठेवतो, ओढला की मोकळा. धाकू नाखव्यानं हा विषय पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. दामूलाही ती कापलेली गाठ मी दाखवलेली नाही. त्याच्या लेखी बोया त्यानं सोडला, आम्ही बघितला, संपलं.

त्या संध्याकाळी त्याला खांद्यावर हात टाकून वाडीत आणला तेव्हा शालू दारातच उभी होती. तिनं त्याच्या गालावरचं रक्त बघितलं, त्याला आत निजवलं, पांघरूण घातलं. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती.

"दादा, खरं सांग. मी शिवलेला बोया चालला ना?"

"चालला," मी म्हटलं.

हे मी खोटं बोललो की खरं, ते मला अजून कळलेलं नाही.