वहिनी बसल्या की थांबणारं यंत्र

वायरमास्तरांनी आयुष्यात दोघांशीच वैर धरलं: उंदीर आणि अधूनमधून येणारा बिघाड. त्यातला उंदीर निदान कुरतडलेल्या वायरीचा पुरावा तरी मागे ठेवतो. दुसरा मोठा मानी. मास्तर दारात दिसले की गायब, त्यांची पाठ वळली की हजर!

तरुणपणी ते रेडिओ दुरुस्त करत. मग रेडिओ गेले, आणि पेरणीयंत्रांच्या पोटात मोटरी अन् सेन्सर शिरले. पन्नाशी उलटलेले मास्तर चष्मा पुसून पुन्हा विद्यार्थी झाले. देह असा की पोट आधी घरात शिरे, मास्तर मागून येत. पण बोटं मात्र फुलं वेचणाऱ्याची.

त्या हंगामात एकाच शेतावर ही त्यांची तिसरी खेप होती. सहा ओळींचं यंत्र. प्रत्येक बियाण्याच्या पेटीखाली एक छोटी मोटर चकती फिरवी आणि चकती मोजून एकेक दाणा मातीत सोडी. चालता चालता मधेच साऱ्या मोटरी गप्प व्हायच्या, दोन-चार हात जमीन कोरी जायची, आणि पुन्हा सगळं सुरळीत. मास्तरांनी वेगाचा सेन्सर बदलला होता, वायरींचे सारे जोड घासूनपुसून लख्ख केले होते. व्यर्थ!

आणि बिघाड यायचा तो फक्त शेताच्या मालकीण वहिनी ट्रॅक्टरवर असल्या की. नऊ हंगाम हेच यंत्र त्यांनी एकहाती चालवलं होतं. गेल्या वर्षी नवरा गेला. शेजारच्या शेतातला दीर बसला की यंत्र गरीब गाईसारखं चाले.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," बांधावरून दीर म्हणाला, "पण दादा गेल्यापासून तुमचं लक्ष लागत नाही. कुठलं तरी बटण दाबलं जातं. पुढच्या हंगामापासून पेरणी मी करत जाईन."

"भाऊजी, मी बटणाला हात लावत नाही हो."

दीर बियाण्याची पोती आणायला गेला तसा वहिनींनी आवाज खाली आणला. "मास्तर, खरं सांगा. माझ्याच डोक्यात काही बिघडलंय का? तसं असेल तर मी आपणहून उतरते."

मास्तरांनी पिशवीतून टेस्टर काढला. ते म्हणाले, "आधी यंत्राला विचारू. उतरा, मी बसतो."

"दर वेळी तुम्ही मला उतरवता, स्वतः बसता, आणि ते शहाण्यासारखं चालतं! पेशंटला उठवून डॉक्टरच खाटेवर झोपला तर रोग सापडणार कसा?"

मास्तर खजील झाले. चाळीस वर्षांच्या धंद्यात हे कुणी सुनावलं नव्हतं. "बसा तुम्ही," ते म्हणाले. "आज मी चालतो."

मग निघाली वरात! ट्रॅक्टर गोगलगायीच्या चालीनं, आणि शेजारून धापा टाकत मास्तर. नजर वहिनींच्या हातांवर. वहिनींनी मागे वळून ओळी पाहिल्या, आणि मोटरी गप्प. वहिनी सरळ झाल्या, मोटरी सुरू. पुन्हा वळल्या, पुन्हा गप्प. बोलणी बसल्यापासून त्या जास्तच वळून पाहत होत्या. जितकी काळजी घ्यावी तितकं यंत्र थांबत होतं. दोन्ही हात मात्र स्टिअरिंगवरच होते.

"थांबा!" मास्तर ओरडले.

त्यांनी सीटखाली हात घातला. तिथे एक स्विच असतो. चालवणारा सीटवरून उठला की पेरणीच्या मोटरी बंद करणारा. त्याला टेस्टर लावला. वहिनी सरळ बसल्या की दिवा लागे, एका अंगावर झुकल्या की विझे. मास्तरांनी वर पाहिलं. वहिनींच्या मनगटावरचं घड्याळ घसरून कोपरापाशी आलं होतं.

एव्हाना दीर परतला होता. "सापडला?"

"सापडला. वहिनींचं डोकं माझ्या-तुमच्यापेक्षा जागेवर आहे." मास्तरांनी सीटवर थाप मारली. "यंत्राला वाटतं, सीटवर कुणी नाहीच. तुम्ही-आम्ही बसलो तर हत्तीनं पाय ठेवल्यासारखा स्विच दबतो. वहिनींच्या वजनानं आता दबत नाही. गेल्या हंगामापर्यंत दबत होता."

दीर वहिनींकडे बघत राहिला. वर्षभर रोज दिसणारं माणूस त्याला आज दिसलं. मग नजर चुकवून म्हणाला, "मग स्विचच्या त्या दोन वायरी थेट जोडून टाका ना."

"जोडतो की! उद्या या खाली उतरून पेटीखाली हात घालतील, तेव्हा फिरती चकती तुम्ही धरून ठेवणार?"

मास्तरांनी नरम स्प्रिंग बसवली. वहिनींना दहा वेळा चढवलं, उतरवलं, वाकवलं. चढल्यावर दिवा विझला नाही, उतरल्यावर राहिला नाही. "यंत्राचं काम झालं," ते म्हणाले. "पण स्प्रिंग काही तुमचं औषध नव्हे. दवाखान्यात जाऊन या वहिनी. आणि ‘एकटीसाठी कुठं रांधायचं’ म्हणून उपाशी राहणं बंद करा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?"

वहिनी हसल्या; हसताना डोळे पुसले.

"उद्या सकाळी मी नेतो दवाखान्यात," दीर म्हणाला. "रात्रीचं जेवण आमच्याकडे. राहिलेला तुकडा..." वहिनींचा हात चावीवर थबकला. दीरानं एक पोतं खांद्यावर घेतलं. "राहिलेला तुकडा अंधार पडायच्या आत पेरून व्हायला हवा. चला, चालू करा. बी मी भरतो."