चेन जोडल्यावरची चक्कर

"उतर. चेन जोडाले सांगतली, सीटवर बसाले नाई."

माह्या बापाचा एक पाय पायडलवर होता, एक जमिनीवर. तो तसाच थांबला. मंग उतरला. म्हने, "चुकलं, मालक."

मालक म्हंजे सिंदीतले कापसाचे व्यापारी. सायकल त्यायच्या वडलाची, काळी, जुनी, जड. स्टेशनच्या रस्त्यावर आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान, तिथंच हे झालं. मी तवा आठ वर्साची. रॉकेलच्या घमेल्यात एक जुनी चेन घासत बसली होती. मालकानं माह्याकडं बोट केलं.

"ए पोरी, पानी आन. सीट धू."

आमच्या जातीचा मानूस बसाले गेला म्हनून सीट बाटली होती. बाप पुरता टेकला बी नोता. तरी मी धुतली. आपल्याच बापाचा विटाळ आपल्याच हातानं. फडक्यानं कोरडी केली. बाप रस्त्याकडं पाहून राह्यला होता.

जुन्या चेनीचं एक असते. झिजलेली कडी काढा, नवीन जोडा, लॉक बसवा, पायडल हातानं फिरवा, सारं बराबर दिसते. पन एखादी कडी आखडलेली असली तर अंगाचं वजन पडल्याशिवाय समजत नाई. म्हनून चेन जोडली की मिस्त्री एक चक्कर मारतोच. बाप सगळ्यायच्या सायकलीवर मारे. त्या दिवसापासून मालकाची सायकल तेवढी हातानं ढकलत समोरच्या कडुलिंबापर्यंत नेऊन आने.

मंग व्हायचं तेच झालं. रेल्वे फाटकाच्या चढावर चेन उतरली, मालक पडले. गुडघ्याले पट्टी बांधून आले आनि भर बाजाराच्या दिवशी चेन बापाच्या तोंडावर फेकली.

"तुमच्या लोकायच्या हाताले कसबच नाई."

बाप म्हनू शकला असता, तुमी बसू कुठं देता. नाई म्हनला. खाली वाकला, चेन उचलली, पुन्हा जोडली. पुन्हा ढकलतच कडुलिंबापर्यंत गेला. खरं सांगते, त्या दिवशी मले मालकापेक्षा बापाचा जास्त राग आला.

आता दुकान मी चालवते. बापाचे हात थरथरतात, तो बाकड्यावर बसून राह्यते. मालक बी म्हातारे झाले. डॉक्टरनं सायकल चालवा म्हटलं, तर तीच काळी सायकल काढली. मागच्या उन्हाळ्यात चेन तुटली, ढकलत आले. गोड बोलले. म्हने, पोरगी बापापेक्षा हुशार निघाली. मी झिजलेल्या दोन कड्या बदलल्या, पिन ठोकली, लॉक बसवलं. मंग सीटवर हात ठेवला.

"राहू दे," मालक म्हनाले. "हातानंच फिरवून पाह्य."

"काऊन?"

ते हसले. "तुले माहीत हाये."

माहीत होतंच. माह्या अंगाचा भडका उडाला. मी खाली बसली, लॉक काढलं, चेन उतरवली आनि त्यायच्या पांढऱ्या सदऱ्यासमोर धरली.

"चक्कर मारल्याबिगर माह्या दुकानातून सायकल जात नाई. न्या."

बाप धडपडत उठला. "मालक, लेकरू हाये ते. मी जोडतो..."

"बाबा, तुमी बसा."

बाप बसला. मालकानं चेन दोन बोटात धरली आनि सायकल ढकलत निघून गेले.

त्यायच्या आळीतलं एकही गिऱ्हाईक तवापासून आलं नाई. बाप दोन दिवस माह्याशी बोलला नाई. तिसऱ्या दिवशी येवढंच म्हनला, "दुकान बसवशीन तू." अर्धं बसलंच हाये. कधी सकाळपासून दुपारपर्यंत एक पंक्चर येत नाई. मले भेव वाटते, नाई कायले म्हनू.

तरी ठरलं ते ठरलं. जो सायकल आनन, त्याची चेन मी जोडीन, आनि त्याच्या देखत त्याच्या सीटवर बसून कडुलिंबापर्यंत जाऊन येईन. ज्याले सीट धुवाची असन, त्यानं घरी न्यावी आनि सोताच्या हातानं धुवावी.