माझा हात, त्यांची सम

गेवराईत माझ्याकडे गाण्याची बैठक असली की तहसीलदारांच्या बाई नवी साडी काढायच्या, कड्याहून कारखान्यातली मंडळी गाड्या घेऊन हजर व्हायची. जिनिंगच्या आवारात गाण्यासाठी मी खास दिवाणखानाच बांधून घेतला होता. आम्ही पडलो कापसाचे व्यापारी. सासरे चिडवायचे, "सूनबाई, तुला सूर कळतोय व्हय?" कळतोय म्हणायचे मी. अहो, कळतच होता! तबला फिरून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर आला की माझा हात नेमका तेव्हाच मांडीवर पडायचा. मग माझ्याकडे बघून सगळी बैठक माना डोलवायची. लई ताठा होता मला त्याचा.

गाणारी नांदूरघाटची. पोरसवदा होती तेव्हा माझ्याकडे आली. तिची शिकवणी, तंबोरे, पुण्यातली खोली, सगळं मी बघितलं. मला अक्का म्हणायची. पोटच्या पोरीला सांगितलं नाही ते मी हिला सांगितलं.

गेल्या दिवाळीत तिचं गाणं संभाजीनगरला होतं. तिला न कळवता गेले आणि मागच्या रांगेत बसले. तान उतरायला लागली, मी सवयीनं हात टाकला. सम आलीच नाही. पुन्हा टाकला, पुन्हा हुकला. शेजारची कॉलेजातली पोरगी हसू दाबत म्हणाली, "मावशी, अजून यायचीय." मी हात पदराखाली घेतला तो शेवटपर्यंत बाहेर काढला नाही. तबलजी तर तोच होता, माझ्याकडे नेहमी वाजवणारा.

दोन दिवसांनी ती पेढे घेऊन घरी आली. पेढा हातात धरूनच मी विचारलं, परवा मी मागं बसले होते, माझा हात एकदाही समेवर का पडला नाही म्हणून.

"अक्का, तुमचा हात पडल तिथं सम आणायची, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं हाय," ती म्हणाली. "तुमी खूश व्हायच्या."

अगं भवाने! इतकी वर्षं माझ्याच घरात, माझ्याच पाहुण्यांपुढं माझं हसं केलं यांनी. तबलजी तिच्याकडे बघून हसायचा, ते मला गाण्याचा आनंद वाटायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि रडूही आवरेना.

"मग मला शिकवलं कावून न्हाई?" मी ओरडले. "जवळ बसवून टाळी धरायला शिकवली असतीस तर शिकले असते की मी!"



"शिकल्या असत्या," ती म्हणाली. "मंग तुमाला हे बी कळलं असतं की मी लई बेताची गाते."

तिच्या गाण्यावर मी जीव टाकला होता. ते गाणं खरंच चांगलं होतं का, हे आता कुणाला विचारावं तेही मला कळत नाही.