आश्विनातला टाकळा
आज पेणच्या बाजारात टाकळ्याची जुडी उचलली, बोटांना तो उग्र, हिरवा वास लागला आणि मी थेट लेकीच्या जन्माआधीच्या आश्विनात जाऊन पोचलो. बायकोला दिवस गेले होते, पोटात काहीच ठरत नव्हतं, डोळे खोल गेले होते, एका दुपारी ती म्हणाली, "टाकळ्याची भाजी जाईल बहुतेक." मी शूरवीरासारखी मोटरसायकल काढली ती रोह्यापर्यंत. रस्त्याकडेला टाकळाच टाकळा, पण कंबरेएवढा, राठ, शेंगांनी लगडलेला. रोह्याची भाजीवाली हसली, "आता बी सांडून मरायचा तो, बाबा. कवला पाला पावसात मिलतो, आता नाय." परतताना जोह्याला गणपतीच्या कारखान्यामागे टाकलेल्या मातीचा ओला ढीग दिसला. मातीबरोबर आलेलं बी तिथे उशिरा रुजलं होतं. वीतभर, लुसलुशीत रोपं. भातशेतांवर ऊन निवत होतं, आणि रोपांची पानं मात्र सगळी मिटलेली. मी येईपर्यंत यांनीही मान टाकली, असं वाटलं. तरी शेंडे खुडले, घरी नेऊन तिच्यापुढे ठेवले. "कोमेजलाय गो." तिने एक पान हळूच उलगडलं. "कोमेजलेला नाय, निजलाय. टाकळा रोज संध्याकाळी पानं मिटून निजतो. शेतकऱ्याच्या घरचे ना तुम्ही?" कितीतरी दिवसांनी ती हसली. लसणाच्या फोडणीतली भाजी भाकरीशी जेवली, आणि मी दाराशी उभा राहून अन्न पोटात राहतंय का, ते बघत राहिलो. राहिलं. आता लेक टाकळा बघून नाक मुरडते. मी तिच्या पानात थोडा जास्तच वाढतो.